वरचे आठ इंच

फॉर्मवर तीन चौकटी असतात: बी, धागा, फूल.
योआ थावनं धाग्यापुढे फुली मारली होती
एप्रिलमध्येच, पेनानं, कागद फाटेस्तोवर.
मग हा आता फुलं कापायला का आलाय,
तिनं लेकीला विचारलं. लेकीनं मला.
मी म्हटलं, नियम.
लेकीनं त्याचं भाषांतर केलंच नाही.

मी ऑर्लिन. मिनेसोटा राज्य, शेती खातं.
डिकीत कात्री, हातमोजे, कागदी पिशव्या;
प्लॅस्टिक चालत नाही, नमुना घामेजतो.
हेस्टिंग्जच्या दक्षिणेला, चहूकडून मक्यानं दाबलेलं
भाड्याचं पाऊण एकर.
मधोमध वाट, तेल लावून पाडलेल्या भांगासारखी,
आणि दोन्ही अंगांना माझ्याहून दीड हात उंच हिरवं.
तिरकं चालायचं, कड सोडायची,
झाड निवडायचं नाही, हात जाईल ते धरायचं,
शेंड्याकडून आठ इंच.
राळ चिकटते. मग दिवसभर स्टिअरिंगला तोच वास.

आमच्या आजोबांना सरकारनं सांगितलं होतं, लावा.
लढाई होती, जहाजांना दोरखंड हवे होते.
वडील शेरिफच्या हाताखाली. त्यांना सांगितलं, उपटा.
उन्हाळेच्या उन्हाळे ते रस्त्याकडेच्या चरांतून
आजोबांच्याच बियांची पतवंडं जाळत हिंडले.
मला सांगितलंय, मोजा.
हद्द शून्य दशांश तीन टक्के.
अलीकडे पीक, पलीकडे मुद्देमाल.
झाडाला ही हद्द कुणी दाखवलेली नाही.
ऑगस्टात आठ दिवस ऊन तापलं
की ते आपलं चालत पलीकडे जातं.

निकाल आला: शून्य दशांश चार एक.
खाली बारीक अक्षरात अधिक-उण्याची सूट,
ती धरूनही बाहेरच.
फोन मीच केला. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.
बऱ्याच वेळानं लेक, काशिया, म्हणाली,
आई विचारते, जोड्यांत किती टक्के असतं?
कसले जोडे?

मेलेल्याला चालत परत जावं लागतं, ती म्हणाली,
जिथंजिथं राहिला ते प्रत्येक गाव उलट्या क्रमानं.
सेंट पॉल, मग छावणी, मग नदी, मग डोंगर,
शेवटी जिथं त्याची वार पुरली ते घर.
मध्ये सुरवंटांचा एक पहाड आहे.
अनवाणी नाही ओलांडता येत.
कातडं चालत नाही. नायलॉन चालत नाही.

मी त्या रात्री नियमावली काढली.
परिशिष्टात होतं एक कलम:
फुलं खुडून साक्षीदारासमोर नष्ट करावीत,
दांडे ठेवण्यास हरकत नाही.
साक्षीदार मी. घडीच्या खुर्चीवर, थर्मास घेऊन.
योआ विळ्यानं शेंडे उडवत चालली होती.
जे तिला कधीच नको होतं
ते सरकार तिच्याकडून रीतसर नष्ट करवून घेत होतं.
एकदा ती थांबली, माझ्याकडे बघून हसली,
का ते लेक तिथं नव्हती सांगायला.
मी वेळ लिहिली: दहा चाळीस ते पाच पंचवीस.
दांडे तिनं दवात पसरले.

फेब्रुवारीत फाईल बंद करायची सही हवी होती.
सोफ्यावर तिचा नवरा न्हिया, नाकात ऑक्सिजनची नळी,
टीव्हीवर बर्फाला भोक पाडून मासेमारी.
पायांत नवे जोडे, करडे, टोकं वर वळलेली.
शेवटच्या पानावर रकाना होता,
उत्पादनाचा अंतिम उपयोग,
आणि मी पेन उघडं धरून बसलो होतो.
न्हिया काहीतरी पुटपुटला.
घट्ट आहेत म्हणतात, काशिया म्हणाली.
योआ धाग्याला मेण लावत होती, वर न बघता बोलली,
आणि हे मात्र लेकीनं न विचारता सांगितलं:
चालता चालता सैल होतील.